सुतळीवाल्यांचा एकच भाव

अख्ख्या वसई-विरार पट्ट्यात माझ्याशी एकदाही घासाघीस न केलेला असा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्याइतकं माझं नुकसान दुसऱ्या कुणीही केलेलं नाही. मी भांड्यांचा व्यापारी. एकोणिसाव्या वर्षी माणदेशातून इकडे आलो तेव्हा माझ्याकडे भाड्याची सायकल होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बांधलेली ॲल्युमिनियमची पातेली. गास गावापासून वटारपर्यंत दारोदार आवाज देत बारा वर्षं ती सायकल ढकलली, तेव्हा कुठे जुन्या बाजारात गाळा मिळाला. त्या बारा वर्षांत जे शिकलो ते एवढंच, की सांगायचा भाव वेगळा आणि घ्यायचा भाव वेगळा. मी आठशे सांगायचे, गिऱ्हाइकाने तीनशे म्हणायचं, मी कपाळाला हात लावायचा, त्याने पाठ फिरवून पायरी गाठायची, मी हाक मारायची, आणि पाचशेवर दोघांनीही आपणच जिंकलो असं समजून मोकळं व्हायचं. यात कुणी कुणाला फसवत नाही. दोघांनाही सगळं पाठ असतं. माझा आवाज चढतो, डोकं तापतं, कधी एखादं झाकण आपटतो, पण पाचशे रुपये हातात आले की तेच डोकं गार होतं आणि मी गिऱ्हाइकाला मुलाबाळांची खुशाली विचारतो.

समोरच्या गाळ्यातल्या सुतळीवाल्या काकांनी हे सगळं पहिल्याच महिन्यात मोडलं. ते रस्ता ओलांडून आले, पितळेच्या एका हंडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "केवढ्याला?" मी सवयीने आठशे म्हणालो. त्यांनी बंडीच्या खिशातून आठशे रुपये काढले, माझ्या हातावर ठेवले, हंडी काखेत मारली आणि निघाले. त्या पैशांनी माझ्या हाताला चटका बसल्यासारखं झालं. दुपारचं जेवण गेलं नाही. शेवटी तीनशे रुपये घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. "काका, चुकून जास्त घेतले गेले." ते सुतळीचं बंडल गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "चुकून कसे? तुम्ही आठशे म्हणालात, मी नीट ऐकलं." मी म्हटलं, "अहो, तो सांगायचा भाव होता. घ्यायचा वेगळा असतो." त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग मला घ्यायचाच सांगायचा होतात की, भांडीवाले. दोनदा कशाला बोलायचं?" तीनशे रुपये त्यांनी घेतले नाहीत ते नाहीतच. त्या दिवसापासून त्यांना पाहिलं की माझ्या तोंडून आपोआप खरा भाव निघू लागला. हे बाजारातल्या बायकांच्या लक्षात यायला आठवडा पुरला. त्या मला टाळून काकांना गाठायच्या आणि "काका, तेवढी एक कळशी आणून द्या ना" म्हणायच्या. एका लग्नसराईत या माणसाने स्वतःच्या नावावर माझ्या दुकानातून अकरा घरांची भांडी उचलली. मी दात ओठ खात खरा भाव सांगत गेलो आणि ते मान डोलवत पैसे मोजत गेले.

त्यांचं स्वतःचं दुकान म्हणजे काथ्या, सुतळी, दोर, सुपं, टोपल्या आणि आंबे उतरवायचे झेले यांचा एक अंधारा ढीग होता. ढिगाच्या मधोमध एक लाकडी स्टूल, आणि स्टुलाच्या मागे त्यांनीच रंगवलेला पत्रा, त्यावर लिहिलेलं, एकच भाव. खालची रेघ जरा वाकडी होती, कारण रंगवताना कुणी तरी दोर मागायला आलं होतं. दोर ते कधी फूटपट्टीने किंवा टेपने मोजत नसत. दोन्ही हात पसरून जेवढी लांबी होते तिला वाव म्हणतात, त्या वावेनेच सगळा व्यवहार. माणूस उंच, हात तर गुडघ्याला लागायचे, त्यामुळे त्यांची एक वाव म्हणजे इतरांची सव्वा. लोक भाव कमी करायला सांगायचे तेव्हा ते पत्र्याकडे बोट दाखवायचे आणि मग ते लांबलचक हात पसरून मोजायला लागायचे. पुढे वयाने उजवा खांदा आखडला आणि हात पूर्वीसारखा पसरेना. तेव्हापासून प्रत्येक वावेमागे ते एक वीत दोर जास्त सोडू लागले. मी म्हटलं, "काका, गिऱ्हाइकाला काय कळतंय तुमचा खांदा?" ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला नाही कळत. दोराला कळतं."

आणखी एक त्यांची तऱ्हा होती. दोर कशाला हवा हे सांगितल्याशिवाय ते दोर द्यायचे नाहीत. विहिरीला हवा असेल तर पाणी किती हातावर आहे ते विचारायचे, गाईला हवा असेल तर गाय मारकी आहे का ते विचारायचे, आणि सोसायटीतल्या एखाद्या बाईने कपडे वाळत घालायला मागितला तर "गॅलरी कुठल्या दिशेला?" इथपर्यंत चौकशी व्हायची. पायरीवर ताटकळलेलं गिऱ्हाईक मग वैतागून माझ्या दुकानात डोकावायचं, हा त्यातला माझा फायदा. एकदा मात्र चाळिशीतला एक माणूस आला, चार वावा दोर मागितला, आणि कशाला ते काही सांगेना. काकांनी दोर बाजूला ठेवला, त्याला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली पोत्यावर बसले. दोन तास ते दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फक्त चहा तीनदा गेला हे दिसलं. तो माणूस दोर न घेता गेला. त्यानंतर दर दिवाळीला तो पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा. काका त्याला विचारायचे, "आज काय देऊ?" आणि तो म्हणायचा, "काही नको."

आता बाजाराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. आमचा जुना बाजार म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक गाळे. मी आलो तेव्हा दुकानाचा उंबरठा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होता. मग रस्ता डांबराचा झाला, डांबरावर खडी, खडीवर पुन्हा डांबर, त्यावर काँक्रीट. दर निवडणुकीला रस्ता चार बोटं वर आणि आम्ही चार बोटं खाली. आज माझ्या दुकानात यायला गिऱ्हाइकाला तीन पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून पाणी आधी येतं. गुडघे दुखणारी बाई वरूनच बघते आणि पुढे जाते. हायवेकडे मोठं दुकान झालं तिथे गारवा आहे, गाडी लावायला जागा आहे, आणि बाकी सगळं मोबाइलवर घरपोच येतं. पानमळे गेले, केळीच्या बागांवर टॉवर आले, आणि टॉवरमधल्या माणसाला सुतळी लागते ती वर्षातून एकदा, जुने पेपर बांधायला. काकांच्या दुकानात मी गेल्या काही वर्षांत दिवसच्या दिवस गिऱ्हाईक पाहिलं नाही. पण ते रोज सकाळी आठला शटर वर करायचे, आणि रिकाम्या वेळात बाजार मोजायचे.

मोजायचे म्हणजे गाठींनी. हातात एक सुतळी असायची. रस्त्याने बाजारहाटीसाठी कुणी आलं की एक साधी गाठ. तो माणूस कुठल्याही दुकानात शिरून काही घेऊन बाहेर पडला, की तीच गाठ दुहेरी. शाळेला जाणारी मुलं, रिक्षासाठी आलेले, पत्ता विचारणारे, यांच्या गाठी नाहीत. गुरुवार हा आमचा बाजाराचा दिवस, म्हणून गुरुवारची सुतळी ते वेगळी ठेवायचे, छताच्या वाशाला ओळीने टांगून. सगळ्यात जुनी जमिनीपर्यंत यायची. तिच्या शेजारची गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि अलीकडची इतकी आखूड की ती धरायला मला टाचा उंचावाव्या लागायच्या. त्यांच्या दुकानात शिरलं की त्या सुतळ्या कपाळाला लागायच्या. मी एकदा चिडून म्हणालो, "कशाला ही मापं टांगून ठेवता? बघूनच माणूस खचतो." ते म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगता यायला हवं ना, किती होते ते."

आणि खरंच कुणी तरी विचारायला आलं. मुंबईतल्या एका संस्थेकडून एक तरुण बाई आल्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणू लागलो. जुने स्थानिक बाजार पुन्हा उभे करायला त्यांची संस्था अनुदान देणार होती. अट अशी, की काय करायचं ते बाजारातल्या माणसांनीच बसून ठरवायचं, सगळ्या गाळेवाल्यांनी सह्या करायच्या, आणि अर्ज आपला आपण करायचा. शिंप्याच्या दुकानात सभा भरली. मॅडम म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, जेवढा खर्च खरोखर येणार आहे तेवढाच लिहा. नंतर कमी-जास्त होत नाही." मी मनातल्या मनात हसलो. हे वाक्य मी रोज दहा गिऱ्हाइकांना ऐकवतो.

काय करायचं यावर मात्र आमच्यात जुंपली. माझं म्हणणं होतं, बाजाराच्या तोंडाशी मोठी कमान हवी, दिवे हवेत, लांबून दिसलं पाहिजे. बेकरीवाल्या मावशींना फरशी हवी होती. शिंपी म्हणाला पार्किंग. आवाज चढले, त्यात माझा सगळ्यात वर. काका कोपऱ्यात सुतळीशी खेळत बसले होते. रस्त्यावर टोपली घेऊन बसणारी कोळीण दारात उभी राहून ऐकत होती, तिला त्यांनी विचारलं, "बाय, तुला काय हवं?" ती म्हणाली, "माजं काय इचारता काका? सकाळी सातला येतो, चारला जातो. तवर पानी पीत नाय आमी." शिंपी म्हणाला, "का गं? नळ आहे की कोपऱ्यावर." ती म्हणाली, "नळ हाय. पन पानी पियालं तं जायाचं कुठं? तुमच्या दुकानाच्या मागं?" शिंप्याने मान खाली घातली. माझी कमान तिथेच पडली. यादीत पहिलं बायकांसाठी शौचालय आलं, मग टोपलीवाल्यांना छप्पर, मग पाण्याचा निचरा आणि प्रत्येक दुकानाला उतरायला सोपा उतार. सगळं काकांनी एका वहीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं.

मग सह्यांचा घोळ झाला. पहिली सही कुणाची? किराणावाला म्हणे माझं दुकान सगळ्यात जुनं, शिंपी म्हणे सभा माझ्याकडे भरली, आणि मी कुणाच्याही खाली सही करणार नाही हे तर मी आधीच सांगून टाकलं होतं. चार दिवस कागद फिरला आणि कोरा परत आला. पाचव्या दिवशी काका माझ्याकडे आले, म्हणाले, "एक परात द्या." मी दिली. त्यांनी मोठा कार्डपेपर पसरला, त्यावर परात पालथी घातली आणि पेन्सिल कडेने फिरवून गोल काढला. "या गोलावर सह्या करा. गोलाला पहिला नसतो, शेवटचाही नसतो." संध्याकाळपर्यंत चाळीस सह्या झाल्या, सूर्याच्या किरणांसारख्या चहूबाजूंनी. मी परात परत घेतली तर कडेला पेन्सिलीची काळी रेघ. मी म्हटलं, "आता ही नवी म्हणून विकता येणार नाही. घ्या विकत." त्यांनी विचारलं, "केवढ्याला?" आणि मी नाइलाजाने खरा भाव सांगितला. त्यांनी घेतली.

हे सगळं चाललं असताना काकांचं काय पणाला लागलं होतं ते बाजारात फक्त मला माहीत होतं. त्यांचा मुलगा विरार पूर्वेला चंदनसारला राहतो, सातव्या मजल्यावर. चांगला मुलगा, बापाची काळजी करणारा. एका रविवारी तो दुकानात आला होता आणि त्याचा आवाज रस्त्यापलीकडे मला ऐकू येत होता. "बाबा, प्रॅक्टिकल व्हा ना. लाइट बिलसुद्धा निघत नाही. त्यात तुमचा खांदा. गुडघाभर पाण्यात उभे राहता पावसात, काही झालं तर मला कळणार पण नाही." काका म्हणाले, "एक वर्ष दे. अनुदान आलं तर बाजार उभा राहील." मुलगा म्हणाला, "मार्चपर्यंत. नाही आलं तर मी स्वतः येऊन शटर ओढणार." काका म्हणाले, "ओढ. पण मार्चपर्यंत नाही." म्हणजे तो कागद मंजूर होण्यावर त्यांचं ते स्टूल टिकून होतं.

आणि तो कागद नेमका माझ्या हातात आला. अर्ज कॉम्प्युटरवरून भरायचा होता. मला मालासाठी विरारला जायचंच होतं, म्हणून काकांनी त्यांचं ते पान, सह्यांचा गोल आणि गवंडी-प्लंबरची कोटेशनं पिशवीत घालून माझ्याकडे दिली. माणसं किती येतात या रकान्यासाठी त्यांनी एक सुतळीही ठेवली होती, ती अपलोड कशी करायची हे कॉम्प्युटरवाल्याला समजेना, शेवटी तिचा फोटो काढला. मग रकमेचा रकाना आला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अमाउंट बोला." पानाच्या तळाशी काकांनी बेरीज करून लिहिलेला आकडा माझ्यासमोर होता. मी तो वाचला आणि मला त्या माणसाची कीव आली. एवढा भोळा माणूस! देणारा कापणार नाही असं कधी झालंय का? एवढे मागितले तर निम्मे मिळतील, निम्म्यात शौचालय होईल आणि छप्पर राहील, नाहीतर छप्पर होईल आणि उतार राहील. मी त्यांच्या भल्यासाठी, बाजाराच्या भल्यासाठी, आयुष्यभर जे केलं तेच केलं. दुप्पट सांगितले. मागे जोडलेल्या कोटेशनांवर खरे आकडे होते, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. भाव सांगताना मी कधी माल उलटून पाहत नाही.

फेब्रुवारीत मॅडम स्वतः आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. शिंप्याच्या दुकानात सगळे जमले. त्या म्हणाल्या, "प्रस्ताव सगळ्यांना आवडला होता. पण मागितलेली रक्कम कोटेशनच्या दुप्पट आहे. समितीला वाटलं यात काहीतरी गडबड आहे. अर्ज बाद केला." माझं डोकं भडकलं. मी उभा राहून म्हणालो, "मग कमी करा ना! बाद कशाला? किती कमी करायचे ते बोला, आत्ता करून टाकू!" मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, "तसं नसतं हो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." एवढं ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि त्यांना सगळं समजलं हे मला समजलं.

बेकरीवाल्या मावशी कडाडल्या, "दुप्पट? दुप्पट कुणी लिहिलं? आपल्या बाजाराला चोर म्हणवून घेतलं!" पाचसहा जण एकदम ओरडू लागले. मी एका झाकणासाठी भर रस्त्यात भांडणारा माणूस. उभा होतो तो हळूच खाली बसलो. तेवढ्यात काका कोपऱ्यातून उठले आणि म्हणाले, "आकडे माझ्या हातचे होते. वय झालं, बेरीज चुकली असेल." कागद त्यांच्या अक्षरात होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मावशी म्हणाल्या, "काका, तुमच्यावर सोडलं होतं हो सगळं. जमत नव्हतं तर सांगायचं." आणि त्या निघून गेल्या. कोळणीने टोपली उचलली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

मावशी गेली वीस वर्षं रोज सकाळी भट्टीतून निघालेले दोन गरम पाव कागदात गुंडाळून काकांकडे पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी पाव आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी समोर बसून बघत होतो. काका आठला शटर उघडायचे, स्टूल पुसायचे, आणि थोडा वेळ बेकरीच्या दिशेने बघून मग सुतळी हातात घ्यायचे. चौथ्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी तीन पायऱ्या चढलो, रस्ता ओलांडला, तीन पायऱ्या उतरलो आणि त्यांच्यावर खेकसलो, "कुणी सांगितला होता तुम्हाला हा शहाणपणा? माझी चूक तुम्ही का घेतली?"

"हळू बोला, भांडीवाले. ऐकू जाईल."

"जाऊ दे! मीच सांगतो सगळ्यांना."

"सांगून काय होणार? तुम्हाला इथे अजून दहा-पंधरा वर्षं दुकान चालवायचंय. याच लोकांत. मी तर मार्चमध्ये चाललोच. जाताना तेवढंच सामान जास्त."

"मला नको तुमचे उपकार. निम्मी तरी चूक माझी म्हणा. मी लोकांना सांगतो, दोघांनी मिळून आकडे लिहिले."

"नाही."

"बरं, तुम्ही काही बोलू नका. मी म्हणतो टाइप करताना गोंधळ झाला. पाव हिस्सा माझा. काका, पाव हिस्सा तरी!"

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली, तो आखडलेला हात कसाबसा खांद्यावरून मागे नेला आणि पत्र्यावर बोट ठेवलं.

आयुष्यात मी हजारो सौदे केले. गिऱ्हाइकाला रडवलं, हसवलं, परत बोलावलं. हा एकच सौदा असा, की ज्यात मी जास्त द्यायला तयार होतो आणि समोरचा घेत नव्हता. माझी त्यांच्याविरुद्धची तक्रार आहे ती ही. हंडीचे तीनशे रुपये एक वेळ सोडून दिले असते. पण या माणसाने मला माझ्या चुकीचा भावसुद्धा करू दिला नाही. मी रागारागात म्हणालो, "द्या मग, दोन वावा सुतळी द्या." त्यांनी विचारलं, "कशाला हवी?" मी म्हटलं, "हवी आहे." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मला स्टुलावर बसवलं. मी बसलो. चहा आला.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मुलगा टेम्पो घेऊन आला. माल सगळा भंगारवाल्याने नेला. वाशाला टांगलेल्या सुतळ्या काकांनी स्वतः उतरवल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत भरल्या. ती परातही घेतली. पत्रा मुलगा काढत होता, पण खिळे गंजून भिंतीतच धरले होते, म्हणून तो तसाच राहिला. आता ते शटर बंद असतं, आणि आत अंधारात एकच भाव लिहिलेला आहे हे फक्त मला माहीत आहे. शौचालय झालं नाही. कोळीण अजून चारपर्यंत पाणी पीत नाही. शिंप्याने गाळा विकायला काढलाय.

मी मावशींना खरं सांगायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाव घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा, गेल्या महिन्यात, भट्टीसमोर उभा राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. मावशींनी हातातलं पाव काढायचं फावडं भिंतीला टेकवलं. मग सहा गरम पाव निवडून काढले, कागदात गुंडाळले, वरून सुतळी बांधली आणि माझ्यासमोर ठेवले. "त्यांच्याकडे घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. मी पैसे पुढे केले ते त्यांनी पाहिलेही नाहीत, आणि त्यानंतर आजवर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. बरं वाटलं. निम्मं नाही, पण काहीतरी माझ्या वाट्याला आलं.

ते पाव घेऊन मी चंदनसारला गेलो. सातव्या मजल्यावर काका गॅलरीत त्याच स्टुलावर बसले होते. खूपच वाळलेत. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, खाली पार्किंग. इथे काही मोजण्यासारखं नाही, ते म्हणाले, सगळे गाडीतूनच येतात आणि गाडीतूनच जातात. पाव पाहून त्यांनी कागदाची सुतळी आधी सोडवली, सरळ केली, खिशात ठेवली. सून परातीत पीठ मळत होती, आणि परातीच्या कडेची पेन्सिलीची रेघ अजून पूर्ण गेलेली नव्हती.

मग त्यांनी खिशातून तीच सुतळी काढली आणि विचारलं, "कालच्या गुरुवारी किती आले?"

काकांनी बाजार सोडल्यापासून मीच मोजतो. मला गाठी जमत नाहीत, बोटांवर मोजतो. आदल्या दिवशी वीस आले होते, सकाळपासून शटर पाडेपर्यंत वीस, त्यातल्या सहा जणांनी काहीतरी घेतलं. आकडा माझ्या तोंडात तयार होता. त्या हंडीनंतर या माणसासमोर माझ्या तोंडून आजवर दुसरा आकडा निघालेला नव्हता.

"चाळीस," मी म्हणालो.

"घेऊन गेले त्यातले किती?"

"सगळेच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबात चुकणारा माणूस नाही हे त्यांना माहीत आहे, आणि मी कसा माणूस आहे हेही. मी नजर हटवली नाही. मग ते म्हणाले, "बरं. सांगितलेत तेवढे."

आणि ते गाठी मारायला लागले. दुहेरी. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, एकेका गाठीला दोनदा-तीनदा प्रयत्न करावा लागत होता. मला विरारहून माल उचलायचा होता, उशीर होत होता, पण चाळिसावी गाठ बसेपर्यंत मी तिथून उठलो नाही.